दार लावणाऱ्यानं विचारायचं

"ही पोट्टी मुकी हाये काय जी?"

मी डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. लाखनीच्या चौकात ट्रकांच्या रांगेमागे आमची व्हॅन अडकली होती आणि समोर बसलेली एक बाई ड्रायव्हरला माझ्याबद्दल विचारत होती.

"नाही जी. बँकेत हाये ते. नागपूरची हाये," दुधरामभाऊ म्हणाला.

"म्हणजे बोलते?"

"काउंटरवर तर बोलत असन."

"मंग आपल्या गाडीले काउंटर लावा एक," बाई म्हणाल्या, आणि सगळी गाडी हसली. मलाही हसू आलं होतं. पण झोपलेल्या माणसाला हसता येत नाही.

माझ्या पहिल्या आठवड्यात रजेवर असलेल्या मेश्राम सिस्टरांचा आवाज मी असा पहिल्यांदा ऐकला. चेहरा नंतर पाहिला. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, पांढऱ्या साडीवर राखाडी स्वेटर, आणि खांद्याला अडकवलेली एक पर्स, जिच्यातून कापूस, आयोडीन आणि संत्र्याच्या गोळ्या यांचा मिळून एक वास येत असे. दिघोरीच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. भंडारा-गोंदिया एक जिल्हा होता तेव्हा त्यांनी पार देवरीकडे नोकरी केली होती. जिल्हा फुटला तेव्हा त्यांनी भंडारा मागितला आणि त्यांना दिघोरी मिळाली. "भंडारा मागतला तर भंडाराच देल्ला ना सरकारनं," त्या म्हणत. "शहर का जिल्हा, ते मीच सांगतलं नव्हतं."

मी दिघोरीच्या बँकेत रुजू झाले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. भंडाऱ्याहून दिघोरीला जायचं तर एसटीनं लाखनीला उतरायचं, पुढच्या गाडीची वाट पाहायची आणि दवाखाना उघडून गर्दी झाल्यावर पोहोचायचं. संध्याकाळची शेवटची बस तर सिस्टरांची ड्यूटी संपायच्या आत निघून जाई. म्हणून त्यांनी दुधरामला पकडलं. तो तेव्हा लग्नाच्या वराती आणि बाजारचा माल वाहायचा. त्याच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये महिनेवारीवर माणसं जमवली: शाळेतले निंबार्ते सर, लाखनीला चढणाऱ्या कापगते मॅडम, एक ग्रामसेवक आणि कृषी खात्यातले दोघं, जे भंडारा सोडताच एकमेकांच्या खांद्यावर झोपत आणि दिघोरीला एकदमच जागे होत. शेवटी भंडाऱ्यात भाड्यानं राहणारी मी.

मी गप्प का बसते याला कारण होतं. दुसऱ्याच दिवशी धूळ येत होती म्हणून मी म्हटलं होतं, "कृपया आपण ती खिडकी बंद करू शकाल का?" माझं मराठी शाळेतल्या तिसऱ्या भाषेच्या पुस्तकातलं. घरी आम्ही हिंदी, इंग्रजी, मराठी मिसळून बोलायचो. अनोळखी माणसांशी बोलताना मात्र मला ते पुस्तकच आठवायचं.

निंबार्ते सर दचकून म्हणाले, "अरे बापरे, बातम्या लागल्या!"

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सरांनी लगेच खिडकीही लावली. पण त्यानंतर मी मागच्या बाकावरच्या डाव्या खिडकीशी बसू लागले आणि विचारलं तर मान हलवू लागले.

त्या गाडीत कुणाची जागा ठरलेली नव्हती, हे मला हळूहळू कळलं. खिडकीची माझी जागासुद्धा मी मागितली नव्हती. सिस्टरांनी मला तिथे राहू दिलं होतं. जागा त्या ठरवत. दारात उभ्या राहून चढणाऱ्याच्या तोंडाकडे बघत आणि बोटानं दाखवत: तू इथं, तुम्ही तिथं. ड्रायव्हरशेजारची ऐसपैस सीट ही "बिमाराची सीट". बिमार म्हणजे ताप आलेलाच असं नाही. रात्री झोप न झालेला, घरी भांडून आलेला, साहेबाची बोलणी खाऊन आलेला, असा कुणीही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून बसवलेली लाकडी फळी. तिच्यावर उलटं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागे. तिथे बहुतेक वेळा सिस्टर स्वतः बसत. "मले सगळ्यांचे चेहरे दिसतात इथून," त्या म्हणत. "दवाखान्यात तरी काय, पेशंटकडे तोंड करूनच बसा लागते."

एकदा आमच्या बँकेचे मोठे साहेब तपासणीला दिघोरीला निघाले होते. भंडाऱ्यातच त्यांची गाडी बंद पडली आणि ते आमच्या व्हॅनपाशी आले. त्यांनी साहजिकच पुढचं दार उघडलं.

"साहेब, ते सीट भरली हाये," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "कोणी बसलेलं तर नाही."

"लाखनीले बसन."

"मग लाखनीपर्यंत तरी..."

"उठा लागन मंग साहेब. उठलेला साहेब चांगला दिसत नाही." आणि त्यांनी फळी दाखवली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. साहेब फळीवर बसले. लाखनीला कापगते मॅडम चढल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीत सांगितल्याप्रमाणे त्यांची लहानगी त्या दिवशी पहिल्यांदा बालवाडीत गेली होती आणि आईच्या पदराला धरून रडली होती; मॅडमचे डोळे अजून लाल होते. त्या गुपचूप पुढे बसल्या. सिस्टरांनी मागून त्यांच्या हातात संत्र्याची गोळी ठेवली आणि एक साहेबांच्याही हातात ठेवली. "उलटं बसल्यावर मळमळते," त्या म्हणाल्या. साहेबांनी ती मुकाट्यानं खाल्ली. दिघोरीला उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्या बाई कोण?" मी दवाखान्याच्या पाटीकडे बोट दाखवलं.

गाडीत रोज एक गोष्ट चालायची. सिस्टरांच्या गल्लीत दोन भाऊ होते. त्यांनी घर वाटून घेतलं, अंगण वाटून घेतलं आणि अगदी हद्दीवरच्या चिंचेच्या झाडावर येऊन अडले. खोड एकाच्या अंगणात, फांद्या दुसऱ्याच्या. रोज काहीतरी नवीन व्हायचं. थोरल्यानं खोडाला काटेरी तार गुंडाळली. धाकट्यानं फांदीला झोका बांधला. सिस्टर हे लाखनी सोडल्यावर सुरू करत आणि चुलबंद नदीचा पूल आला की थांबत. "बाकीचं उद्या."

निंबार्ते सरांनी कार घेतली तेव्हा ही गोष्ट ऐन रंगात होती. लाल रंगाची नवी कार. पहिल्या आठवड्यात ते व्हॅनला मागे टाकताना हॉर्न वाजवून हात करायचे आणि सिस्टर फळीवरून हात करायच्या. मग एके दिवशी दुपारी सर दवाखान्यात गेले.

"काय होऊन राहिलं सर?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही जी. त्या चिंचेचं काय झालं?"

"कोणती चिंच?"

"काहून गंमत करता. झोका तोडला का नाही त्यानं?"

"गाडीतली गोष्ट गाडीत सर. इथं बी.पी. मोजते मी. मोजू?"

हे त्यांनीच आम्हाला संध्याकाळी सांगितलं, आणि त्या वेळी दुधरामला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका तो हसत होता. पुढे सर शनिवारी कार घरी ठेवून व्हॅननं येऊ लागले. पेट्रोल वाचतं, असं ते म्हणत. सिस्टरांचं एक वाक्य होतं: "बसमधी माणूस तिकिटावर जाते, कारमधी पेट्रोलवर जाते. व्हॅनमधी एकमेकावर जाते." सरांना ते शनिवारी हमखास ऐकावं लागे.

आता मी मागे राहिले त्या संध्याकाळबद्दल.

परतताना व्हॅन बँकेसमोर उभी राहायची. ज्याचं काम संपेल तो येऊन डब्याची पिशवी मागच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकायचा, मग चहाला किंवा इकडेतिकडे जायचा. क्रेट भरला की दुधराम हॉर्न द्यायचा आणि सगळे जमायचे. माणसं कुणी मोजायचं नाही; डबे मोजायचे. वर्षानुवर्षं ते बरोबर चाललं होतं. त्या दिवशी मी पिशवी टाकली आणि आठवलं की मोबाइल टेबलावर चार्जिंगला राहिला. मी आत गेले. शिपाई शटर ओढत होता, त्याला थांबवलं, मोबाइल घेतला. बाहेर आले तर रस्ता रिकामा.

व्हॅन वळणावर दिसत होती. मी हाक मारली असती तर कदाचित थांबली असती. मी नुसता हात हलवला. माझ्याकडे नंबर होता फक्त दुधरामचा, आणि गाडी चालवताना त्यानं फोन उचलायचा नाही हा सिस्टरांचा दंडक. मी बंद शटरसमोर उभी राहिले.

गाडीत कुणालाच कळलं नाही. कृषी खात्यातले दोघं झोपले होते, आणि मी असते तेव्हा तरी माझा आवाज कुठे असायचा? पालांदूरला सिस्टर रस्त्याकडेच्या एका बाईकडून वांगी घेत. ती बाई प्रत्येकाची पिशवी वेगळी बांधून द्यायची. सिस्टर खिडकीतून एकेक पिशवी आत देत गेल्या आणि शेवटी एक पिशवी हातात उरली.

दुधरामनं गाडी वळवली. मला लांबून तिचे दिवे दिसले. सिस्टर उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वो, मागून ओरडली काहून नाही?"

मी खांदे उडवले.

"आवाज ठेवून ठेवून काय करतं तू त्याचं? लोणचं टाकतं?"

मी आत बसले. सिस्टर फळीवर बसल्या आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "आजपासून डबे मोजणं बंद. डब्याले तोंड नाही. जो दार लावन त्यानं विचारायचं, कोण राहिलं? आणि बसलेल्या हरेक माणसानं आवाज द्यायचा. आवाज आल्याबिगर गाडी हालणार नाही."

त्यांनी सरकतं दार ओढलं. "कोण राहिलं?"

"मी हाये," कापगते मॅडम म्हणाल्या. "हाओ," ग्रामसेवक म्हणाले. कृषी खात्यातल्या दोघांना हलवून उठवावं लागलं. मग सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं. ते तिसऱ्या भाषेचं पुस्तक पुन्हा समोर आलं. मी बोटाच्या पेरानं खिडकीच्या काचेवर दोनदा टकटक केलं.

मला वाटलं, आता त्या रागावणार.

"काच हजर," सिस्टर म्हणाल्या. "चाल दुधराम."

त्या दिवसापासून माझं उत्तर तेच राहिलं. दार बहुधा सिस्टरच लावत. भंडाऱ्यात खात रोडवर, त्यांच्या गल्लीपाशी, त्या माझ्या आधी उतरत, तेव्हाही बाहेरून दार लावताना विचारत, "कोण राहिलं?" ग्रामसेवक एकदा म्हणाले होते, "उतरणाऱ्यानं कायले विचारायचं सिस्टर?" त्यावर त्या म्हणाल्या, "दार लावणाऱ्यानं विचारायचं. उतरो का चढो." आणि मी आतून टकटक करी.

एकदा त्यांनी मला आपल्यासोबत उतरवलं. माझे घरमालक लग्नाला बाहेरगावी गेले होते आणि रात्री जेवायची सोय नव्हती. त्यांचं घर म्हणजे सरळ रेषेत तीन खोल्या. दारात एक उंच, वाळके म्हातारे उभे होते. सिस्टरांचे वडील. तुमसरच्या राइस मिलमध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि आता त्यांना अजिबात दिसत नव्हतं.

"आज दार जोऱ्यानं लागलं गाडीचं," ते म्हणाले. "आणि पायं दोघींचे हायेत."

"आमची काच हाये सोबत बाबा," सिस्टर म्हणाल्या.

दिवसभर शेजारीण लक्ष ठेवायची, पण तिची फारशी गरज पडत नसे. ते भिंतीला तळवा लावून घरभर फिरत, चूलखोलीत जाऊन पाणी घेत, मागच्या दारी जात, बुद्धाच्या तसबिरीपुढे बरोबर थांबत. घर नुकतंच रंगवलेलं दिसत होतं, पण कमरेच्या थोडं वर, सगळ्या भिंतींवरून, तीन खोल्यांतून हातभर रुंदीचा एक पट्टा तसाच काळपट, गुळगुळीत ठेवलेला होता. मी तिकडे बघत होते हे सिस्टरांनी पाहिलं.

"ते बाबाची सडक हाये," त्या म्हणाल्या. "रंग मारला का मिटते. पेंटर म्हणे, बाई, खराब दिसन. म्हटलं, ज्याले दिसते त्यानं डोळे मिटावं."

दवाखान्याच्या आवारात त्यांना राहायला क्वार्टर होतं. इतरांनी ते आनंदानं घेतलं असतं. मी काही विचारलं नव्हतं, पण पोळी वाढताना त्या आपणच म्हणाल्या, "तिकडे नेलं तर नेता येते. पण नवीन घरात त्याले भिंती कोठं भेटतीन? या वयात पोरासारखा आपटत राहीन. रिटायर होतपर्यंत गाडी चालली पाहिजे, बस."

मग एका उन्हाळ्यात कृषी खात्यातले दोघं एकदमच बदलून गेले. निंबार्ते सर शनिवारपुरतेच होते. राहिलो चौघं: सिस्टर, कापगते मॅडम, ग्रामसेवक आणि मी. दुधराम एका सकाळी आरशातून कुणाकडेच न बघता म्हणाला, "चार हायेत तंवर ओढतो जी. तिनावर गाडीचा खर्च निघत नाही. माहं बी घर हाये."

सिस्टर म्हणाल्या, "बरोबर हाये तुझं." आणि चिंचेची गोष्ट पुढे सांगू लागल्या.

त्याच आठवड्यात वडिलांचा नागपूरहून फोन आला. दादा बंगळूरला चालला होता आणि त्याची कार मला द्यायची होती. मी तेव्हा व्हॅनमध्ये होते. इंग्रजीत बोललो. वडील म्हणाले, लोकांच्या गुडघ्यात गुडघे घालून कशाला जातेस? मी म्हटलं, हो, एक तारखेपासून घेईन. खरं तर मला ती हवी होती. बंद काचा, माझं गाणं, कुणाला आवाज द्यायची गरज नाही. फोन ठेवल्यावर कळलं, 'कार' हा शब्द सगळ्यांना समजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी दारातून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट दाखवलं: पुढे. बिमाराची सीट. मी तिथे पहिल्यांदाच बसले.

थोड्या वेळानं मागून त्यांचा आवाज आला, "कार येऊन राहिली म्हणते तुझी? चांगलं हाये. पालांदूरच्या वळणावर लोकं सडकेवर धान वाळू घालतात, तिथं हळू जाजो. पुलावर कुत्रे झोपून असतात."

एवढंच. थांब असं म्हणाल्या नाहीत. आपल्या बाबांचं नाव काढलं नाही. दिघोरीला उतरल्यावर मी मात्र एक गोष्ट पाहिली. त्या रोज सरळ दवाखान्याच्या दाराशी जात. त्या दिवशी आवारातल्या रिकाम्या क्वार्टरकडे वळल्या, दार ढकललं, आणि आतल्या भिंतीवर तळवा टेकवून जराशा उभ्या राहिल्या.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी दुधरामनं गाडी सुरू करायच्या आधी मान वळवली. "उद्यापासून कोण कोण हायेत, सांगा जी एकदा. म्हणजे मी माहं पाहतो."

"मी हाये," कापगते मॅडम म्हणाल्या.

"हाओ," ग्रामसेवक.

सिस्टर फळीवर बसल्या होत्या, माझ्याकडे तोंड करून. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या; पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. बराच वेळ शोधत होत्या. मी काचेवर दोनदा टकटक केलं.

त्यांचा हात पर्समध्ये थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. "काच हजर," त्या म्हणाल्या, पण नेहमीपेक्षा हळू. मग दार पुन्हा उघडून त्यांनी ते पुन्हा लावलं, जसं ते नीट लागलंच नव्हतं.

दादाची कार वडिलांनी विकली. नाराज झाले, पण मी कारण सांगितलं नाही.

गाडी चालली. पुढच्या वर्षी नव्या आलेल्या दोन शिक्षिका चढल्या आणि जागा पुन्हा कमी पडू लागली. चिंचेच्या झाडाचा निकाल वादळानं लावला: ते दोन्ही अंगणांत सारखंच पडलं. धाकट्यानं थोरल्याकडे फोडलेलं सरपण पाठवलं म्हणे. निंबार्ते सरांनी ते ऐकून टाळी वाजवली. तो शनिवार होता.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी दवाखान्यात कार्यक्रम झाला. शाल, पुस्तकं, आणि शाळेच्या मुलांनी दिलेलं कडुनिंबाचं एक रोप. तो शनिवार नव्हता, तरी सर कार ठेवून आले होते. परतीच्या वाटेवर सिस्टरांनी कुणालाही बोटानं जागा दाखवली नाही. दुधरामनंच त्यांना पुढे बसवलं. त्या दोन मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "थांबव बाप्पा, मले इथून काहीच दिसत नाही," आणि उतरून फळीवर आल्या.

खात रोडवर त्या उतरल्या तेव्हा उजेड होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे वडील भिंतीला हात लावून उभे होते. भिंत जिथे संपते तिथपर्यंत आले होते. शाल आणि पुस्तकं सरांनी खाली दिली. रोप माझ्या पायाशी होतं. मी खिडकीची काच पूर्ण सरकवली आणि ते बाहेर दिलं. त्यांनी ते कमरेवर मुलासारखं घेतलं.

"आली का गाडी?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"आली बाबा. जाऊन राहिली आता."

त्यांनी मोकळ्या हातानं सरकतं दार धरलं, नेहमीसारखं ओढून लावलं, आणि सवयीनं विचारलं, "कोण राहिलं?"

आतून एकेक आवाज आला. कापगते मॅडम आणि त्या दोन नव्या शिक्षिका लाखनीला उतरल्या होत्या, म्हणून त्यांचे नव्हते. सर म्हणाले, "हाये जी." ग्रामसेवकांनी नुसता घसा खाकरला. मग माझी पाळी आली. मी हात उचलला, आणि काच तिथे नव्हती.

सिस्टर वाट बघत होत्या. आवाज आल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

"तुम्ही," मी म्हटलं. "तुम्ही राहिल्या, सिस्टर."